मंडळीत आलेला परका

शास्त्रपाठ : रूथ, अध्याय २.
सोबत वाचावे : उत्पत्ति १८:१-८, याकोब २:१-९, प्रेषितांची कृत्ये ९:२६-२८.
पाठ करण्याचे वचन : रोमकरांस पत्र १५:७.



घरी पाहुणा आला असता काय करावे, हे आपणांपैकी कोणास शिकवावे लागत नाही. पाण्याचा तांब्या पुढे येतो, घोंगडी अंथरली जाते, चुलीवर चहाचे आधण चढते, आणि घरात साखर नसली तर शेजारणीकडून वाटीभर उसनी येते. गरिबातल्या गरीब घरीही ही रीत चुकत नाही. परंतु तीच माणसे रविवारी देवाच्या घरात जमली म्हणजे हे सर्व ज्ञान जणू चपलांबरोबर दाराबाहेर ठेवून आत येतात. परका मनुष्य आला तर सर्वांच्या माना मागे वळतात, आणि पुन्हा पुढे होतात. त्याच्याशी बोलावयाचे ते पाळकाने, असे वडिलांस वाटते. वडिलांनी, असे पाळकास वाटते. आणि शेवटच्या आशीर्वादानंतर तो मनुष्य आला तसा निघून जातो.

परक्याचे स्वागत हा मंडळीच्या शोभेचा प्रश्न नसून तिच्या विश्वासाचा प्रश्न आहे, आणि ते काम एकट्या पाळकाचे नाही, हे या पाठात पाहावयाचे आहे. आरंभ मात्र आम्हांस आमच्याच एका चुकीपासून करावा लागत आहे.

१. आमची चूक

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. माघाचे दिवस होते आणि साखर कारखान्याचा गळीत हंगाम ऐन भरात होता. त्या रविवारी आमच्या मंडळीत सुगीची उपकारस्तुती होती. प्रभुभोजनाच्या मेजापुढे ज्वारीची कणसे, हरभऱ्याचे डहाळे, गुळाच्या ढेपा मांडल्या होत्या. दुसरे गीत चालू असता एक जोडपे आत आले. उन्हाने रापलेले चेहरे, हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे. पाहताक्षणी समजले की ही ऊसतोडीची माणसे. ती दोघे अगदी मागे, जेथे चपला काढून ठेवलेल्या होत्या तेथे बसली. त्या पुरुषाच्या हातात घडी घातलेला एक कागद होता. आम्ही व्यासपीठावरून तो पाहिला. आणि आमच्या मनात काय आले, ते लपविणे योग्य नव्हे : धान्य वाटले जाईल या आशेने ही आली असावीत, असे आमच्या मनात आले.

उपासना संपली आणि अर्पणाच्या वस्तूंचा लिलाव सुरू झाला. आम्ही त्यात रंगलो. मान वर करून पाहिले तेव्हा चपलांजवळची जागा रिकामी होती.

चार दिवसांनी कारखान्याच्या रस्त्याने जात असता, कोप्यांच्या रांगेतून एक मनुष्य उठून पुढे आला व त्याने आम्हांस सलाम केला. तो तोच होता. कागदही त्याने आतून आणून दिला. बीड जिल्ह्यातील एका लहान मंडळीच्या पाळकांचे ते पत्र होते : हे कुटुंब आमच्या मंडळीचे आहे, हंगामापुरते आपल्या भागात येत आहे, जेथे जाईल तेथील पाळकांनी त्याची विचारपूस करावी. मग त्याच्या पत्नीने सांगितले ते असे. त्यांचे सहा महिन्यांचे लेकरू दहा-बारा दिवसांपूर्वी तापाने गेले होते, आणि त्यास उसाच्या बांधालगत पुरले होते. प्रार्थना करावयास कोणी नव्हते. म्हणून एका दिवसाचा खाडा सोसून ती दोघे रविवारी देवाच्या घरी आली होती.

खाडा म्हणजे काय हे ऊसपट्ट्यातील वाचकांस ठाऊक आहे. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. तोडलेल्या टनावर हिशेब होतो. आणि ज्या दिवशी कोयता चालला नाही त्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, वर दंडही अंगावर बसतो. इतकी किंमत देऊन आपल्यापैकी कितीजण उपासनेस येतात?

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" असे आम्ही विचारले. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही लिलावात व्हता. म्हणलं, पुन्हा येऊ कधीतरी."

त्या शब्दांत तक्रार नव्हती, म्हणूनच ते आम्हांस अधिक लागले. त्याच संध्याकाळी त्या बांधावर आम्ही त्यांच्याबरोबर प्रार्थना केली. व्यासपीठापासून चपलांपर्यंतचे अंतर पंधरा पावलांचे होते. जे पंधरा पावलांत व्हावयाचे ते चार दिवसांनी, आणि तेही वाटेत सहज गाठ पडली म्हणून झाले.

२. शेतातील परदेशी स्त्री

आता रूथचा दुसरा अध्याय उघडा. तेथेही सुगी आहे, मजूर आहेत, आणि पोटासाठी मुलूख सोडून आलेली एक स्त्री आहे. ती मवाबी. मवाबी लोकांस परमेश्वराच्या मंडळीत येऊ देऊ नये, असा निर्बंध नियमशास्त्रात, अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायात, सापडतो. उलट त्याच शास्त्रात परदेशी, अनाथ व विधवा यांच्यासाठी शेतातील विसरलेली पेंढी सोडावी, असाही नियम आहे. कोणत्या नियमाचे बोट धरावे हे आता शेताच्या धन्यावर अवलंबून होते.

बवाज शेतात येतो व ही कोणाची, असे मुकादमास विचारतो. मुकादमाचे उत्तर नीट वाचा. नामीबरोबर मवाब देशातून आलेली ती मवाबी मुलगी, एवढेच तो सांगतो. तिचे नाव तो घेत नाही. सकाळपासून ती त्याच्या डोळ्यांसमोर राबत आहे. तरी त्याच्या लेखी ती अमक्या मुलखाची एक बाई आहे. आपल्या मंडळ्यांत परक्याविषयी बोलताना आपण असेच बोलतो : "ते बीडकडचे", "ती कारखान्यावरची", "तो वस्तीवरचा".

बवाज मात्र मुकादमाच्या उत्तरावर थांबत नाही. तो स्वतः तिच्याकडे जातो आणि तिला मुलगी म्हणून हाक मारतो. पुढे तो काय करतो ते क्रमाने पाहा. तिने दुसऱ्या शेतात जाऊ नये, आपल्या मोलकरणींबरोबर राहावे, असे तो सांगतो. गड्यांनी तिला त्रास देऊ नये अशी ताकीद देतो. तहान लागली तर गड्यांनी भरून ठेवलेल्या भांड्यांतले पाणी प्यावे, असे म्हणतो. जेवणाच्या वेळी तिला जवळ बोलावितो, आणि ती कापणी करणाऱ्यांच्या शेजारी बसून जेवते. शेवटी, पेंढ्यांतील काही कणसे मुद्दाम गळू द्यावी आणि तिला धमकावू नये, असे तो गड्यांस सांगतो. म्हणजे सोबत, संरक्षण, पाणी, पंगतीत जागा, आणि जिच्यात अपमान नाही अशी मदत. परक्याच्या स्वागतास याहून अधिक काय लागते?

कोणी म्हणेल, ही ऊसतोडीची माणसे चार महिन्यांची पाहुणी. उन्हाळा लागताच परत जाणार. त्यांच्यासाठी एवढा खटाटोप कशास? रूथचे काम तरी जवाच्या व गव्हाच्या कापणीपुरतेच होते. त्या एका हंगामात तिला माणूस म्हणून वागविले गेले, आणि त्यातून दावीद राजाचे घराणे व पुढे आपल्या प्रभूची वंशावळी चालली. कोणता पाहुणा किती दिवसांचा, हे आपणांस आधी कळत नाही. अब्राहामानेही भर दुपारी तंबूच्या दारातून धावत जाऊन ज्या तिघांस बोलाविले, ते कोण हे त्यास ठाऊक नव्हते.

आणखी एक गोष्ट मत्तयाच्या पहिल्या अध्यायातील वंशावळीत दिली आहे. बवाज हा राहाबेचा पुत्र. ती यरीहो नगरातील, म्हणजे तीही परकीच. परकी म्हणून जगणे काय असते हे त्याने आपल्या आईच्या घरात पाहिले असेल, असे आम्हांस वाटते.

आपणही याच जागी थोडे थांबले पाहिजे. आपल्यापैकी पुष्कळांच्या आजा-पणज्यांस गावच्या देवळात पाऊल ठेवता येत नव्हते, आणि पाणवठ्यावर घागर बुडविता येत नव्हती. सार्वजनिक तळ्याचे पाणी घेण्यासाठी महाड येथे १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांस सत्याग्रह करावा लागला, ही फार जुनी गोष्ट नव्हे. ज्यांचे वाडवडील दाराबाहेर उभे राहिले, त्यांनी आपल्या दारात कोणास उभे ठेवावे काय?

३. पुढच्या खुर्च्या

याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय जणू आपल्या एखाद्या मंडळीत बसूनच लिहिला आहे. सोन्याची अंगठी घातलेला एक मनुष्य सभेत येतो. मळक्या वस्त्रांचा दुसराही येतो. पहिल्यास चांगली जागा मिळते. दुसऱ्यास उभे राहा किंवा पायाशी बस, असे सांगितले जाते. याकोब यास गैरशिस्त म्हणत नाही, पाप म्हणतो.

नाताळच्या उपासनेस गावचे सरपंच किंवा कारखान्याचे संचालक आले म्हणजे आपल्या येथे पुढे खुर्च्या मांडल्या जातात, हार येतात, नावे पुकारली जातात. मोठ्यांचा मान राखू नये असे आमचे म्हणणे नाही. परंतु त्यांच्यासाठी खुर्ची आणावयास जो तरुण धावतो, तो चपलांजवळ बसलेल्या बाईसाठी जाजम सरकवावयास उठतो काय, हा प्रश्न आहे.

आणि अंगठी नेहमी सोन्याचीच असते असे नाही. जुने घराणे, मिशनच्या शाळेतील शिक्षण, पंचांशी नाते, अमुक भिंतीजवळची तीस वर्षांची ठरलेली जागा, ह्याही अंगठ्याच होत. फार काय, जी जात बाप्तिस्म्याच्या पाण्यात टाकून आलो असे आपण म्हणतो, तीही कोठे कोठे बोटात राहिली आहे. दोन वस्त्यांवरची माणसे एकाच देवळात येऊन दोन बाजूंस बसतात, आणि नव्या माणसास "तुम्ही कोणाचे?" असे विचारले जाते, तेव्हा विचारणाऱ्यास काय जाणून घ्यावयाचे असते हे उत्तर देणारा ओळखतो. हा प्रश्न आपल्या मंडळ्यांतून उठला पाहिजे.

४. हात धरून नेणारा

शौल यरुशलेमेत आला तेव्हा तो शिष्यांत मिसळू पाहत होता, परंतु सर्व त्यास भीत होते. त्यांचे भय निराधार नव्हते. त्याने मंडळीचा छळ केलेला होता. त्या वेळी मंडळीने सभा बोलाविली नाही, ठराव केला नाही. एका मनुष्याने, बर्णबाने, त्यास आपल्याबरोबर घेऊन प्रेषितांकडे नेले व त्याची हकीकत सांगितली. पुढे पौलाने जे केले व लिहिले, त्याच्या मुळाशी बर्णबाचे हे लहानसे कृत्य आहे.

परका मनुष्य मंडळीत एकदम शिरत नाही; तो कोणातरी एका माणसाच्या आधाराने शिरतो. आमच्या मंडळीत हे काम एका वृद्ध विधवा भगिनीने केले. वर सांगितलेली हकीकत आम्ही पुढील रविवारी मंडळीपुढे ठेविली, तेव्हा ती मागून उठून म्हणाली, "साहेब, मी बारा वर्सं कोयता धरलाय. मी जाते त्यांच्याकडं." ती लिहिणे-वाचणे जाणत नाही, पंचांत नाही, तिला प्रार्थनाही मोठ्याने करता येत नाही. परंतु ती त्या कोपीत गेली, त्या आईजवळ बसली, आणि पुढे ज्या ज्या रविवारी त्यांस येता आले त्या त्या रविवारी ती त्या बाईस आपल्या शेजारी घेऊन बसली. चैत्रात ती माणसे आपल्या गावी परत गेली. जाताना ती बाई आमच्या घरी नव्हे, त्या म्हातारीच्या घरी निरोप घ्यावयास गेली. आम्हांस त्याचे वाईट वाटले नाही; मंडळी म्हणजे काय ते त्या दिवशी समजले.

५. जो अद्याप आपला नाही तो

उपासनेस येणारा प्रत्येक पाहुणा ख्रिस्ती असतो असे नाही. कोणी शेजाऱ्याच्या आग्रहाने येतो, कोणी भजन ऐकून, कोणी दुःखात, कोणी केवळ काय चालते ते पाहावयास. अशा माणसाच्या बाबतीत दोन चुका होतात. कोठे त्याच्याकडे कोणी पाहत नाही. कोठे सर्वजण एकदम त्याच्यावर पडतात आणि पहिल्याच दिवशी त्याच्या निर्णयाची विचारणा करतात.

या विषयात टिळक कुटुंबाची हकीकत बोधप्रद आहे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला. लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधल्या पाच वर्षांत त्या बाईंनी काय सोसले, ते त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या ग्रंथात आहे. अहमदनगरास ख्रिस्ती शेजारात राहूनही त्या काही काळ आपला स्वयंपाक निराळाच ठेवीत. त्यांचा सोवळेपणा कोणी हिसकावून घेतला नाही. तो आतून गळून पडला. त्या दिवसांत कोणी पाण्याचा पेला बळेच त्यांच्या ओठांस लावला असता, तर काय झाले असते याचा विचार करावा. पाणी पुढे ठेवणे आपले काम आहे. केव्हा प्यावे हे पिणाऱ्याने ठरवावयाचे आहे.

टिळकांनी स्वतः दुसऱ्या बाजूने दार उघडले. अभंग, ओव्या, भजन, कीर्तन हे या मातीतील प्रकार त्यांनी उपासनेत आणले, म्हणून नव्याने येणाऱ्याच्या कानास आपले गायन परके वाटेनासे झाले. भजनात पुढारी ओळ म्हणतो आणि इतर ती उचलतात. ज्यास वाचता येत नाही तोही पहिल्याच दिवशी गाऊ शकतो. आपली उपासना नवख्यास कळते काय, हे पाहणे हाही स्वागताचाच भाग आहे.

६. काय करता येईल

पैसा लागणारी एकही सूचना आम्ही करीत नाही.

(१) दर रविवारी एक पुरुष व एक स्त्री यांनी दाराशी उभे राहावे. त्यांची नावे आधीच्या रविवारी ठरवावी, आणि त्यांनी उपासनेपूर्वी पाव तास यावे. तेच तेच वडील नेमू नयेत. तरुणांसही पाळी द्यावी.

(२) नेहमीच्या लोकांनी पुढे सरकून बसावे. मागची व कडेची जागा उशिरा येणाऱ्या नवख्यासाठी मोकळी ठेवावी, परंतु तेथे जाजम असावे आणि चपला तेथे नसाव्या.

(३) परका आला तर एकाने आपली जागा सोडून त्याच्या शेजारी बसावे, आणि गीताचे पान काढून पुस्तक त्याच्या हाती द्यावे.

(४) पाळकाने आरंभी दोन वाक्यांत उपासनेचा क्रम सांगावा. दानपात्र पाहुण्यांपुढे आले तरी त्यांनी संकोच करू नये, हेही सांगावे. नवख्यास सर्वांपुढे उभे करून बोलावयास लावू नये.

(५) नाव, मुक्काम कोठे, आणि आम्ही काही करू शकतो काय, एवढेच विचारावे. जात, पगार, व नवरा का आला नाही, हे विचारू नये.

(६) आशीर्वादानंतरची पहिली पाच मिनिटे परक्यांसाठी ठेवावी. दानाची मोजणी, लिलाव, पंचांची बैठक यांस पाच मिनिटांनी काही बिघडत नाही. व्हरांड्यात पाण्याचा माठ असावा आणि एकच पेला सर्वांस असावा.

(७) त्याच आठवड्यात, त्याची इच्छा असल्यास, दोघांनी त्याच्या घरी जावे. ऊसतोडीच्या माणसांकडे दिवसा जाऊ नये, त्यांची मजुरी बुडते. अंधार पडल्यावर, आधी विचारून, जावे.

(८) जी कुटुंबे कामासाठी बाहेर जातात त्यांस पाळकाने पत्र द्यावे. पौलाने फिबीविषयी रोमच्या मंडळीस लिहिले तसे. आता फोन आहे. पत्राबरोबर फोनही करावा. आणि ज्या पाळकाकडे असे पत्र येईल, त्याने आठ दिवसांत उत्तर पाठवावे.

या आठांपैकी एकच करावयाचे असेल, तर सहावे करावे. ते आमच्याकडून झाले असते, तर वरील हकीकत लिहिण्याचा प्रसंग आला नसता.

चर्चेसाठी प्रश्न

१. मागील वर्षी आपल्या मंडळीत कोण कोण परके आले? त्यांपैकी किती जणांची नावे आपणांस सांगता येतील?
२. मुकादमाचे उत्तर व बवाजाचे वर्तन यांत काय अंतर आहे?
३. आपल्या मंडळीत कोणत्या अंगठ्यांस मान मिळतो?
४. आपणांस मंडळीत प्रथम हात धरून कोणी आणले? त्याचे आपण कोणासाठी अनुकरण केले?

प्रार्थनेचे विषय

स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांसाठी व त्यांच्या लेकरांसाठी. ज्यांनी आपल्या दारातून कोणाचा शब्द न ऐकता परत जाणे पत्करले, त्यांच्यासाठी. आणि आपल्यासाठी, की येत्या रविवारी चपलांजवळ कोणी बसलेला दिसला, तर प्रभूने आपणांस ती पंधरा पावले चालण्याची बुद्धी द्यावी.